वॉशिंग सेंटरमध्ये भागीदारीत पैसे घालताय? आधी राबणाऱ्याचा पगार लिहा

मी नागपूरच्या इतवारीतल्या लहान दुकानदारांचे हिशेब लिहिते, आणि हुडकेश्वर रोडच्या बाजूला असलेल्या एका वॉशिंग सेंटरमध्ये माझा हिस्सा आहे. आमची तिघांची फर्म आहे. मी, माझे दीर आणि तिसरे दादा. दादांनी एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं गाड्या धुतल्या-पुसल्या, पोरांना काम शिकवलं. पैसे आम्हा दोघांचे जास्त, पण सकाळी शटर उघडून दिवसभर ओल्या फरशीवर उभे राहतात ते दादा.

ओळखीतलं कोणी असा धंदा करायला निघालं की मला विचारतात, लिफ्ट केवढ्याची पडली, पंप कोणत्या कंपनीचा, पैसे किती महिन्यांत सुटतील. या प्रश्नांची वेळ नंतर येते. पहिला प्रश्न हा, की गाडी धुणाऱ्यांच्या डोक्यावर उभं कोण राहणार आणि त्या माणसाला दर महिन्याला ठरलेले किती रुपये मिळणार? याचं उत्तर कागदावर नसेल तर पुढचं काहीच बोलू नका. मी ज्यांचे हिशेब पाहिले त्यातल्या मोडलेल्या भागीदाऱ्या तोट्यानं कमी आणि या एका न लिहिलेल्या ओळीनं जास्त मोडल्या. काम करणाऱ्याला वाटतं, मी मरमर करतो आणि घरी बसलेला बरोबरीचा नफा नेतो. पैसे घालणाऱ्याला वाटतं, गल्ला याच्या हातात, म्हणजे हा आपलं आधीच काढून घेत असेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि दोन वर्षांत बोलणं बंद होतं.

कायदा इथे तुमच्या मदतीला आपणहून येत नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 चं कलम 13 वाचा. करारात काही लिहिलं नसेल तर धंद्यात राबणाऱ्या भागीदाराला त्याबद्दल मेहनताना मागता येत नाही, आणि नफा-तोटा सगळ्यांत सारखा वाटला जातो. कोणी 5 लाख घातले आणि कोणी 2 लाख, तरी सारखाच. म्हणजे न लिहिण्यानं दोन्ही बाजूंवर अन्याय होतो. राबणाऱ्याचा पगार जातो आणि जास्त भांडवल घालणाऱ्याचं वजनही जातं. आमच्या डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारपत्रात, म्हणून पैशाचा क्रम लिहिला आहे. आधी भाडं, कामगार, वीज, सामान. मग दादांचा पगार. मग कर. मग मशीनसाठी बाजूला काढायची रक्कम. त्यानंतर भांडवलावर व्याज, आणि उरलं ते नफा म्हणून तिघांत. दादांचं भांडवल कमी असलं तरी नफ्यातला हिस्सा जवळजवळ आमच्याइतका आहे, कारण गिऱ्हाईक त्यांच्या हातासाठी येतं.

आयकराच्या बाजूनंही हे लिहिलेलं लागतं. काम करणाऱ्या भागीदाराचा पगार फर्मच्या खर्चात धरायचा तर तो डीडमध्ये आकड्यानं किंवा मोजण्याच्या पद्धतीनं नमूद हवा. त्याला मर्यादा आहे: पहिल्या 6 लाखांच्या पुस्तकी नफ्यावर (म्हणजे भागीदारांचा पगार वजा करण्याआधीच्या नफ्यावर) 3 लाख किंवा नफ्याच्या 90 टक्के, यातलं जे जास्त ते, आणि त्यापुढच्या नफ्यावर 60 टक्के. भांडवलावरचं व्याज वर्षाला 12 टक्क्यांपर्यंतच खर्चात धरलं जातं. 1 एप्रिल 2025 पासून भागीदाराला दिलेला पगार आणि व्याज मिळून वर्षात 20,000 रुपयांच्या वर गेलं की फर्मला 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापावा लागतो. हे लहान फर्मवाल्यांना अजून माहीत नसतं. फर्मच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर सेस बसतो, पण तो भरल्यानंतरचा नफ्याचा हिस्सा भागीदाराच्या हातात करमुक्त असतो.

आता आकडे मांडते. हे आमच्या सेंटरचे नाहीत, पण दोन बेच्या, म्हणजे एका वेळी दोन गाड्या धुवायची जागा असलेल्या, सेंटरचा अंदाज यावा म्हणून धरलेले आहेत.

समजा तिघांनी मिळून 12 लाख घातले. रोज सरासरी 20 गाड्या, महिन्यात 26 दिवस, गाडीमागे साधं वॉशिंग आणि इंटेरिअर मिळून सरासरी 350 रुपये. गल्ला झाला 1,82,000. यातून किराया 28,000, चार कामगार 56,000, वीज-पाणी 17,000, शाम्पू, कापड, पॉलिश 14,000, दुरुस्ती-फोन-हिशेब 10,000. एकूण खर्च 1,25,000. हातात 57,000. दादांसारख्या माणसाचा पगार 22,000 काढला, 35,000 राहिले. मशीनसाठी 10,000 बाजूला टाकले, 25,000 राहिले. बहुतेक जण हिशेब इथंच थांबवतात आणि म्हणतात, वर्षाला 3 लाख, 12 लाखांवर चौथा हिस्सा, उत्तम धंदा!

थांबा. 1,82,000 गुणिले 12 म्हणजे 21,84,000. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल महाराष्ट्रात 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची होते आणि गाडी धुण्यावर दर आहे 18 टक्के. तुमचे 350 रुपये कर धरून असतील, आणि आपल्याकडचं गिऱ्हाईक वरून कर द्यायला तयार होत नाही, तर 1,82,000 मधले सुमारे 27,760 रुपये कराचे झाले. म्हणजे तिघांत वाटायचे ते 25,000 गेलेच, वर खिशातून घालावे लागले. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, थोडंफार मिळेल, पण या धंद्यातला मोठा खर्च पगाराचा, त्यावर क्रेडिट नसतं. लहान सेवा व्यावसायिकांसाठी 50 लाखांपर्यंतच्या उलाढालीला कंपोझिशनची सोय आहे, त्यात 18 ऐवजी उलाढालीच्या सरसकट 6 टक्के भरायचे. ते 10,920 रुपये. मग महिन्याला 14,080 उरतात, वर्षाला 1,68,960. यात इनपुट क्रेडिट मिळत नाही आणि बिलावर वेगळा कर लावता येत नाही. टॅक्सी कंपन्यांच्या आणि ऑफिसांच्या गाड्या धरायच्या असतील तर त्यांना कराचं बिल लागतं, तेव्हा कंपोझिशन आडवं येतं. कोणतं गिऱ्हाईक धरायचं ते म्हणून आधी ठरवा.

14,080 हा आकडा वाईट नाही. फक्त तो चौथ्या हिश्श्याचा नाही, आणि त्यावर फर्मचा आयकर अजून बाकी आहे. तुमच्याकडे प्रस्ताव घेऊन आलेल्या माणसाच्या कागदात राबणाऱ्याचा पगार, मशीनची रक्कम आणि जीएसटी या तीन ओळी आहेत का ते पाहा. यातली एक जरी गाळलेली असेल तर तो नफा नसून कोणाचे तरी न दिलेले पैसे आहेत.

पाणी आणि जागा

नागपुरात सेंटर काढणारा आधी रहदारी बघतो. मानेवाडा-बेसा, मनीष नगर, हिंगणा रोड, कोराडी रोड, सगळीकडे नवे फ्लॅट, खाली गाड्याच गाड्या. ते ठीकच आहे. रविवारी सकाळी आणि आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी जागेसमोर उभं राहून पाहा, आणि घरी परतणाऱ्या लोकांच्या डाव्या हाताला जागा येत असेल तर तिला जास्त महत्त्व द्या. समोरच्या सोसायट्यांत महिनेवारीवर गाड्या पुसणारी पोरं असतातच. रोजचं पुसणं त्यांचं राहू द्या. तुम्ही खालून धुणं, इंटेरिअर आणि पॉलिश विका.

पण माझं सगळं लक्ष पाण्याकडे असतं. मनपाचं पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं, आणि नळ कायम सुरू राहील असं धरून धंदा मांडता येत नाही. 2019 च्या जुलैमध्ये धरणं आटली तेव्हा शहराला एक दिवसाआड पाणी मिळालं होतं. मोजणी सोपी आहे. पंपावर मिनिटाला किती लिटर ते लिहिलेलं असतं. 15 लिटरचा पंप असेल आणि एका गाडीला गनचा ट्रिगर मिळून आठ मिनिटं दाबला जात असेल, तर 120 लिटर. 20 गाड्यांना 2,400 लिटर, वर फरशी, कापडं आणि माणसांचं वापरायचं. दोन दिवसांचं साठवता येईल एवढी टाकी नसेल तर टँकरवाल्याच्या हातात तुमचा नफा गेला. पोरांना एक सवय लावा: फोम मारताना आणि कापड फिरवताना गन बंद. पाणी वाचवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

बोअरचं पाणी असेल तर ते जड आहे का ते तपासा. पाण्याच्या टीडीएसचं (हा कराचा टीडीएस नव्हे) मीटर विरघळलेलं सगळं मोजतं, जडपणा वेगळा मोजावा लागतो. त्याची किट मिळते किंवा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. मे महिन्यात हे डोळ्यांनी दिसतं. पारा 45 च्या आसपास, बाहेरून आलेल्या काळ्या गाडीचं बॉनेट हात ठेवू देत नाही. त्यावर जड पाणी मारलं की कापड पोहोचायच्या आत थेंब जागच्या जागी सुकतात आणि पांढरे ठिपके उमटतात. ते मग साध्या पुसण्यानं निघत नाहीत. गिऱ्हाईक घरी जाऊन उन्हात गाडी पाहतं आणि पुन्हा येत नाही. दादांची पद्धत अशी आहे: गाडी आली की शेडखाली बॉनेट थोडं उघडून ठेवायचं, आधी चाकं आणि खालचा भाग धुवायचा, तोवर वरचा पत्रा निवतो. मग छतापासून सुरुवात, एक भाग धुतला की तो पुसूनच दुसरा. पूर्ण गाडीला एकदम फोम मारायचा नाही. शेवटचं पाणी मनपाचं किंवा सॉफ्टनरमधून आलेलं. सॉफ्टनरनं टीडीएस कमी होत नाही, पण जे डाग उरतात ते कापडानं निघतात. शेड उंच हवी आणि पश्चिमेकडून झाकलेली हवी. या एका शेडसाठी दादा अडून बसले होते. "वहिनी, लिफ्ट एकच घ्या, पण शेड पूर्ण टाका. पोरं उन्हात उभी राहिली तर जूनपर्यंत एकही राहणार नाही," असं ते म्हणाले. आम्ही एकाच लिफ्टवर सुरुवात केली.

जागेची उंचीही पाहा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरांत पाणी शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. तुमच्या आवारात दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या असणार आहेत. नाल्याकाठची जागा स्वस्त मिळते तेव्हा शेजारच्या जुन्या दुकानदाराला त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, आणि भिंतीवरची खूण बघून या.

कागदांत, प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लेआउटमधला असेल तर मालकाकडे आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं पत्र, आहे का, शहराबाहेरच्या बाजूला असेल तर एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) किंवा नगरपंचायतीची काय मंजुरी आहे, वापर व्यावसायिक आहे का, हे वकिलाकडून बघून घ्या. भाडेकरार नोंदणी केलेला हवा आणि फर्मच्या नावानं हवा. भागीदारांपैकी एकाच्या नावानं जागा घेतली तर भांडण झालं की अख्खं सेंटर त्याचं होतं आणि बाकीच्यांकडे फक्त मशीन उरतात. फरशी आणि टाकी फोडून नेता येत नाही, म्हणून कराराची मुदत किमान एवढी ठेवा की बांधकामाचा पैसा वसूल होईल, आणि मधेच निघायला लावलं तर काय, हे त्यात लिहून घ्या.

घाण पाण्याची टाकी

यावर लोक पैसे वाचवतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. गाडीखालून निघणारा चिखल, इंजिनचं तेल, ग्रीस आणि शाम्पू हे सगळं रस्त्यावरच्या गटारात आणि तिथून नाग किंवा पिली नदीत जातं. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 खाली सांडपाणी सोडणाऱ्या धंद्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात आहे. तुमच्या आकाराच्या सेंटरला नेमकी कोणती संमती आणि किती शुल्क, ते बांधकामाच्या आधी तिथं विचारून या. मलवाहिनीत सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरला 20 मिलिग्रॅमपर्यंत, आणि नदी-नाल्यात सोडायचं तर 10 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं.

हे साधायला मोठं यंत्र लागत नाही. धुण्याच्या फरशीचा उतार रस्त्याकडे न देता आत, जाळीच्या नालीकडे द्यायचा. नालीतलं पाणी तीन खणांच्या टाकीत जातं. पहिल्या खणात माती-रेती तळाला बसते. दुसऱ्यात पाणी शांत होतं आणि तेल वर तरंगतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणारा पाइप वरून काढायचा नाही. त्याला खाली वळलेला एल्बो लावायचा, म्हणजे त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं राहतं, खालचं स्वच्छ पाणी पुढे जातं आणि वरचा तेलाचा थर मागेच अडकतो. गवंड्याला हे चित्र काढून द्या, कारण त्याच्या सवयीनं तो पाइप सरळ वरच बसवतो. झाकणं एका माणसाला उचलता येतील एवढीच जड ठेवा, नाहीतर ती कोणी उघडत नाही आणि टाकी मातीनं भरून निकामी होते. जमलेलं तेल वेगळ्या डब्यात साठवून अधिकृत घेणाऱ्यालाच द्यायचं. तिसऱ्या खणातलं पाणी गाळून चाकांना आणि खालच्या भागाला पहिल्या धुण्यात वापरता येतं. रंगाच्या पत्र्यावर ते नको, बारीक रेतीनं ओरखडे पडतात.

मशीनबद्दल थोडक्यात सांगते. लिफ्ट, प्रेशर पंप, फोमची टाकी, कंप्रेसर, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम. तीन विक्रेत्यांकडून लेखी भाव घ्या आणि सील, व्हॉल्व्ह, होज नागपुरात कोणाकडे मिळतात ते विचारा. शनिवारी पंप बसला आणि सुटा भाग मंगळवारी बाहेरगावाहून आला तर रविवार गेला, आणि या धंद्यात रविवार गेला म्हणजे आठवडा गेला. ओल्या जागी वीज वापरायची आहे, म्हणून 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग, पोरांना रबरी बूट, आणि महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहणं. हे डीडला जोडलेल्या कामांच्या यादीत कोणाच्या तरी नावासमोर लिहा. गिऱ्हाइकाची गाडी बेवर घेणारा माणूस परवानाधारकच हवा. गाडीचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा आणि कामगारांसाठीचा विमा, दोन्ही पहिल्या दिवसापासून हवेत. चार-पाच कामगारांच्या सेंटरला दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते.

चालतं सेंटर विकत घेत असाल तर

विकणारा म्हणेल, रोज तीस गाड्या होतात. त्याच्या वहीपेक्षा महावितरणची बारा महिन्यांची बिलं मागा. 3 एचपीचा पंप म्हणजे सव्वादोन किलोवॅट, आठ मिनिटांत 0.3 युनिट. व्हॅक्यूम आणि कंप्रेसरचं धरून गाडीमागे साधारण पाऊण युनिट होतं. तीस गाड्या, 26 दिवस, 780 गाड्या, म्हणजे महिन्याला 585 युनिट मशीनचेच हवेत, दिवे आणि बोअर वेगळे. बिल 300 युनिटचं असेल तर गाड्या तीस नाहीत. बारा महिन्यांची यासाठी, की या धंद्याला हंगाम असतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दिवाळीत, पाडव्याला आणि लग्नसराईत रांग लागते. झडीच्या दिवसांत लोक म्हणतात, पुन्हा भरणारच आहे, आता कशाला धुवायची, आणि उघडीप झाली की चिखलानं माखलेल्या गाड्या एकदम येतात. ऑक्टोबरचा गल्ला दाखवून कोणी सौदा करत असेल तर जुलैचाही मागा.

रोजचा हिशेब

आमच्याकडे गाडी आली की टोकन फाटतं, त्यावर नंबर, काम आणि रक्कम. क्यूआर कोड फर्मच्या चालू खात्याचा, कोणा भागीदाराच्या किंवा पोराच्या फोनचा नाही. रात्री शटर पाडायच्या आधी दादा टोकनची थोटकं, रोख आणि यूपीआय जुळवून वहीच्या पानाचा फोटो तिघांच्या ग्रुपवर टाकतात. रोख रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत. किरकोळ खर्चासाठी वेगळी ठरलेली रक्कम त्यांच्याकडे असते, गल्ल्यातून काढायचं नाही.

हे पहिल्यांदा सुचवलं तेव्हा माझे दीर म्हणाले, वहिनी, दादांवर विश्वास नाही का? मी म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच. रोजचा फोटो दादांनाच वाचवतो. एखाद्या महिन्यात गल्ला कमी आला तर कोणी त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं पाहू नये, कागद त्यांच्या बाजूनं बोलावा. भागीदारी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे प्रत्येक भागीदाराला वह्या पाहण्याचा हक्क आहेच. तो भांडणाच्या दिवशी वापरण्यापेक्षा रोज वापरला तर त्यात अपमान राहत नाही. महिन्याच्या शेवटी मी टोकनं, विजेची युनिट आणि शाम्पूचे कॅन एकमेकांशी ताडून पाहते. एका कॅनमध्ये किती गाड्या होतात ते दादांनीच मोजून सांगितलं आहे.

याला जोडून एक अट घाला. पैसे घालणाऱ्या भागीदारांच्या, त्यांच्या भावाबंदांच्या आणि मित्रांच्या गाड्या फुकट धुतल्या जाणार नाहीत. आमच्याकडे भागीदारालाही टोकन फाटतं. रविवारी सकाळी रांगेतलं गिऱ्हाईक थांबवून घरची गाडी वर चढवली की कामगारांना कळतं मालक कोण आणि शिस्त कोणासाठी.

डीडमधल्या बाकीच्या ओळी

फर्म नोंदवा. नोंदणी सक्तीची नाही, पण कलम 69 मुळे न नोंदलेल्या फर्मला करारातून आलेल्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही आणि भागीदारालाही फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर लावता येत नाही. कलम 25 तर पैसे घालणाऱ्यानं दोनदा वाचावं. फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार एकत्र आणि एकटाही जबाबदार असतो. तुम्ही 2 लाख घातले म्हणून तुमची जोखीम 2 लाखांची नाही. बँक पूर्ण कर्ज तुमच्या एकट्याच्या घरावरून वसूल करू शकते. मुद्रा योजनेत नव्यानं घेणाऱ्याला 10 लाखांपर्यंत कर्ज मिळतं म्हणून सही करण्याआधी हे समजून घ्या, आणि ठरावीक रकमेच्या वरचं कर्ज किंवा खरेदी सगळ्यांच्या सहीशिवाय होणार नाही असं लिहा. घर वाचवायचं असेल तर 2008 च्या कायद्याखालची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, आहे. त्यात दरवर्षी 30 मेपर्यंत फॉर्म 11 आणि 30 ऑक्टोबरपर्यंत फॉर्म 8 भरावा लागतो, आणि उलाढाल 40 लाखांच्या किंवा भांडवल 25 लाखांच्या वर गेलं की ऑडिट. ओळखीचे तिघं, कर्ज नाही, तर साधी फर्म पुरते. मोठं कर्ज असेल तर मी एलएलपीच सांगते.

पैसे कमी पडले तर कोण किती घालणार, आणि कोणी घातले नाहीत तर त्याचा हिस्सा कसा घटणार? ठरलेल्या भांडवलावर कोणी जास्तीची उचल दिली तर कायद्यानं त्यावर 6 टक्के व्याज मिळतं, दुसरा दर हवा तर लिहावा लागतो. भागीदार वारला तर कलम 42 प्रमाणे, करारात वेगळं नसेल तर, फर्म विसर्जित होते. म्हणून वारसाला पैसे कसे आणि किती हप्त्यांत द्यायचे आणि धंदा बाकीच्यांनी पुढे चालू ठेवायचा हे लिहा. हे बोलायला घरात कोणालाच बरं वाटत नाही, तरी बोला. दादांच्या बायकोला मी डीड वाचून दाखवलं होतं, ती ओळ सुद्धा. दादा आजारी पडले तर पगार किती दिवस चालू राहील, हेही तिनंच विचारलं आणि आम्ही ते डीडमध्ये घातलं.

आणि बाहेर पडणं. काम करणाऱ्यानं सोडलं आणि समोरच दुसरं सेंटर टाकलं तर अर्धं गिऱ्हाईक त्याच्या मागे जातं. वाजवी मुदत आणि वाजवी हद्द घालून तशी बंदी कलम 36 प्रमाणे करता येते. पण ज्याच्या हातात एवढं एकच काम आहे त्याला तीन वर्षं अख्ख्या नागपुरात बंदी घालणं मला पटत नाही. आम्ही थोड्या किलोमीटरची आणि एका वर्षाची ठेवली, आणि बदल्यात फर्मनं त्यांना हिशेब पूर्ण करून पैसे दिले असतील तरच ती लागू होते. हिश्श्याची किंमत कशी काढायची तेही आताच ठरवा, मशीनची घसारा वजा जाता किंमत, डिपॉझिट, बँकेतली शिल्लक आणि त्यावर मागच्या वर्षाच्या नफ्याचा ठरलेला पट. भांडणानंतर या आकड्यावर कधीच एकमत होत नाही.

भागीदार निवृत्त झाला की नुसत्या आपसातल्या कागदावर थांबू नका. कलम 32 प्रमाणे जाहीर सूचना निघेपर्यंत बाहेरच्यांच्या लेखी तो भागीदारच असतो आणि त्यांच्या देण्याला बांधलेला राहतो. ही सूचना फर्म निबंधकाकडे, राजपत्रात आणि एका स्थानिक मराठी दैनिकात द्यायची असते. त्याच आठवड्यात जीएसटी पोर्टलवरचं नाव, बँकेतली सही, भाडेकरारावरची सही आणि विजेच्या मीटरवरचं नाव बदलून घ्या. क्यूआर कोडच्या पेमेंटचे मेसेज कोणत्या मोबाइलवर जातात, तेही बघा.